बामच्या जाहिरातीतला डावीकडचा

काका, तुमची बातमी छापून आली. पान पाच, उजवीकडे खाली, फोटोसकट आणि पैसे न भरता. म्हणजे तुमच्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या. फक्त फोटो दुसऱ्याचा आहे.

लगेच कपाळाला हात लावू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या. चूक माझी आहे. अठरा वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यावर घर चालवते. आणि जी एकच ईमेल दहादा तपासून पाठवायला हवी होती, ती मी डोळे पुसत पुसत पाठवून दिली. पण तुम्हाला मधूनच सुरू केलेली गोष्ट आवडत नसे, म्हणून क्रमाने सांगते. ‘तुम्ही नागपूरची माणसं गोष्ट शेवटाकडून सुरू करता,’ असं तुम्ही म्हणायचात. पुण्याची माणसं गोष्ट संपवतच नाहीत, असं मी म्हणायची.

फ्रिस्कोतल्या त्या इंडियन ग्रोसरीत, पाच वर्षांपूर्वी, तुम्ही बामच्या फळीसमोर उभे होतात आणि एकेक खोकं फिरवून त्याचं तोंड पुढे करत होतात. मला वाटलं, दुकानातलेच असाल.

‘काका, साबुदाणा कुठे ठेवता?’

‘चौथ्या रांगेत, पोह्यांच्या खाली. पण मी इथे नोकरीला नाही.’ तुम्ही एक खोकं माझ्यापुढे धरलंत. ‘मी ह्याच्यावर होतो.’

खोक्यावर नुसती दोन हिरवी पानं होती.

‘आता पानं आहेत,’ तुम्ही म्हणालात. ‘पूर्वी मी होतो.’

मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय, घरच्यांचा फोन नंबर विचारावा. तेवढ्यात तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवलात. डावा हात वर नेलात, अंगठा कानाजवळ टेकवलात, मधली दोन बोटं भुवईवर ठेवलीत, डोळे अर्धे मिटलेत आणि तोंडाने जरासा श्वास आत ओढलात. बस्, एवढंच. आणि मला आमच्याकडचा एसटी स्टँड दिसला. मामाच्या गावच्या गाडीची वाट बघत दर उन्हाळ्यात मी ज्या पत्र्याच्या बोर्डाखाली तासन्‌तास बसले, त्या बोर्डावरचा माणूस टेक्सासच्या उन्हाळ्यात स्वेटर घालून माझ्यासमोर उभा होता.

‘अगं बाई! तुम्ही ते डोकंवाले!’ मी एवढ्या जोरात ओरडले की बिलिंग काउंटरवरच्या मुलीने मान वर केली.

‘दिगंबर सोहोनी,’ तुम्ही नम्रपणे सांगितलंत. पण नम्रपणा तुम्हाला फारसा शोभत नव्हता. काउंटरवर कळलं की तुमची मुलगी मंजिरी माझ्या घरापासून चार घरं सोडून राहते. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या गाडीत बसायला लागलात, ते बसलातच.

हे मंजिरीची मुलंही कधीतरी वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी लिहून ठेवते. जाहिरातीत दोन चेहरे होते. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. आधीचा माणूस डोकं धरून बसलेला, नंतरचा प्रसन्न हसणारा. हे दोन वेगळे इसम होते. आधी म्हणजे तुम्ही. छापखान्यातून प्रुफं घेऊन त्या स्टुडिओत गेला होतात आणि ठरलेला मॉडेल आलाच नाही, म्हणून तुम्हालाच कॅमेऱ्यासमोर बसवलं. तुमचं दुखणं एका फटक्यात ओके झालं, पण तुमचं हसणं फोटोग्राफरला पसंत पडेना. ‘तुम्ही बाम लावल्यासारखे नाही, बाम विकल्यासारखे हसता,’ असं तो म्हणाला. मग पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या केळशीकर नावाच्या माणसाला पकडून, तुमच्यासारखी मिशी चिकटवून त्याला हसवलं. आणि एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात एकालाही कधी प्रश्न पडला नाही की डोकं दुखायचं थांबल्यावर नाक कसं बदललं!

केळशीकरांवर तुमचा आयुष्यभर राग. ‘हसायला काय लागतं?’ तुम्ही म्हणायचात. ‘लहान मूलसुद्धा हसतं.’

सकाळी आठला मी लॅपटॉप उघडून किचनच्या टेबलाशी बसले की तुम्ही यायचात. अंगात जावयाच्या कंपनीचं जॅकेट, गुडघ्यापर्यंत. हातात टॅबलेट. मी चहा ठेवायची आणि तुम्ही ई-पेपर उघडून थेट निधनवार्तांवर जायचात. कोण गेलं, किती कॉलमात गेलं, याचा तुमचा अभ्यास होता. पहिल्या पानावर गेला तो मोठा. पाचव्या पानावर फोटोसह गेला तो मान्यवर. फोटोशिवाय गेला तो मतदार. आणि घरच्यांनी पैसे भरून चौकट छापली, तर तो गेला एवढंच समजायचं.

‘पैसे देऊन छापतात ती जाहिरात, न देता छापतात ती बातमी,’ तुम्ही म्हणायचात. ‘जाहिरातीत मी येऊन गेलोय. आता बातमीत यायचंय.’

इकडे माझी टीम मीटिंग चालू असायची आणि मागून तुमचा आवाज यायचा, ‘अरेरे! गेला बिचारा! आणि हे काय, तीनच ओळी?’ माझा मॅनेजर दचकून विचारायचा, ‘इज एव्हरीथिंग ओके, वैशाली? डिड समवन डाय?’ रोज कुणीतरी गेलेलंच असायचं. बोलपटातला हवालदार, आकाशवाणीवर शेतीचा सल्ला देणारे कुणी, नाटकात तिसऱ्या अंकात तार घेऊन येणारा. शेवटी मॅनेजरने मला अत्यंत हळुवारपणे विचारलं की मला थोडी सुट्टी हवी आहे का.

या लोकांसाठी तुम्हाला खरंच वाईट वाटायचं, काका. तुमची थट्टा करताना हे मी कधी कबूल केलं नाही. तो तार घेऊन येणारा गेला, तेव्हा तुम्ही चहा तसाच ठेवलात. ‘आठशे प्रयोग केले त्याने,’ म्हणालात. ‘आठशे वेळा तोच वाईट बातमी घेऊन आला, आणि त्याची बातमी तीन ओळींत.’ मी म्हटलं, ‘काका, तार आणली म्हणजे काय प्रसिद्ध झाला का माणूस?’ आणि आपलं रोजचं भांडण सुरू झालं.

तुमचं म्हणणं असं, की ज्याचा चेहरा लोकांना माहीत असतो पण नाव माहीत नसतं, तोच खरा प्रसिद्ध. नाव काय, नाव शाळेच्या हजेरीपटावरही असतं. माझं म्हणणं असं, की ज्याचं नाव माहीत नाही, त्याला ओळखतात असं म्हणताच येत नाही. तुम्ही पुरावे गोळा करायचात. देवळात, पार्कात, फार्मसीच्या रांगेत पन्नाशीपुढचं मराठी माणूस दिसलं की तुम्ही त्याच्या नजरेच्या टप्प्यात जाऊन उभे राहायचात. त्या बाई आठवतात? ‘तुम्हाला कुठेतरी पाहिलंय,’ म्हणाल्या. तुम्ही माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलंत. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही आमच्या बँकेत कॅशियर होता ना? नोटा फार हळू मोजायचात.’ तुम्ही निमूटपणे चष्मा काढलात आणि डावा हात वर नेलात. त्यानंतर मात्र त्यांनी नवऱ्याला पार्किंग लॉटमधून हाक मारून बोलावलं, हे मान्य करायला हवं.

आणि ते गुडघ्याचे डॉक्टर! ‘ऑन अ स्केल ऑफ वन टू टेन, हाऊ इज युअर पेन?’ असं त्यांनी विचारलं मात्र, तुम्ही साभिनय उत्तर दिलंत. त्यांनी गुडघा सोडून तुमच्या मेंदूचा स्कॅन लिहून दिला. मी समजवायला गेले, ‘डॉक्टर, ही इज अ‍ॅक्टिंग.’ त्यांनी विचारलं, ‘सो ही हॅज नो पेन?’ तुम्ही छाती काढून सांगितलंत, ‘नॉट फॉर फॉर्टी इयर्स.’ घरी येईपर्यंत मी हसत होते आणि तुम्ही गुडघा चोळत होतात.

एक गोष्ट तुम्ही मला कुणाला न सांगण्याच्या अटीवर सांगितली होती, ती आज सांगून टाकते. रागवायचं तर रागवा. रूट कॅनालसाठी तुम्हाला डेंटिस्टकडे नेत होते. गाल सुजलेला, बोलवत नव्हतं, तरी तुम्ही बोलत होतात. म्हणालात, ‘वैशाली, त्या दिवशी स्टुडिओत मी काही अभिनय वगैरे केला नव्हता. माझी अक्कलदाढ दुखत होती. मी गाल धरून बसलो होतो. फोटोग्राफरने तो हात उचलला आणि कपाळावर ठेवला.’ मी सिग्नल हिरवा झालेला विसरले. ‘आणि तो केळशीकर! त्याने दया येऊन मला खिशातली लवंग दिली. दोन मिनिटांत ठणका कमी झाला आणि माझ्या पुढच्या फ्रेम वाया गेल्या. फोटोग्राफर त्याच्यावर काय ओरडला!’ मग तुम्ही सुजलेला गाल धरलात. ‘त्यानंतर आयुष्यभर केलं ती त्या दाढेची नक्कल.’

तुम्ही मला शिकवायचाही प्रयत्न केलात. मला ते कधीच जमलं नाही. माझ्या हाताची बोटं बरोबर बसवून तुम्ही लांबून बघायचात आणि मान हलवायचात. ‘नाही. तुझं दुखत नाहीये. तू दुखतंय असं कळवते आहेस.’

आता दिवाळीचा कार्यक्रम. इथे मला लिहिताना जड जातंय, पण तुम्ही गेल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

आपल्या मंडळाने मुंबईहून मालिकेतली एक सासू प्रमुख पाहुणी म्हणून आणली होती. तुम्ही बंद गळ्याचा कोट घातला होतात. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ‘मान्यवर’ असा कागद चिकटवलेला बघितलात आणि शांतपणे जाऊन बसलात. मी मुलांच्या ड्रेसच्या पिशव्या उचलत होते, तेव्हा एक वॉलंटियर पळत आली. ‘वैशालीताई, प्लीज काकांना शिफ्ट करता का? ती स्पॉन्सर्सची रो आहे.’ मी तुम्हाला सातव्या रांगेत आणलं. मग स्टेजवरून मान्यवरांची नावं वाचली. घरं विकणाऱ्याचं वाचलं, डोशाच्या केटररचं वाचलं. तुम्ही प्रत्येक नावाला टाळ्या वाजवल्यात आणि प्रत्येक टाळीनंतर थोडे पुढे सरकून बसलात.

परत येताना गाडीत तुम्ही म्हणालात, ‘डोसेवाल्याचं नाव घेतलं.’

‘काका, त्याने स्पॉन्सर केलंय.’

‘मी वीस वर्षं अख्ख्या महाराष्ट्राच्या स्टँडवर होतो.’

मी सकाळपासून उभी होते, पाय तुटायला आले होते. ही सबब नाही, फक्त सांगते. मी म्हटलं, ‘काका, तुम्ही फेमस नव्हता यार. तुमचा एक फोटो फेमस होता. आणि त्याच्यावर पण आता पानं आलीत.’

तुम्ही कोटाचं वरचं बटण काढलंत. मग म्हणालात, ‘पुढे सिग्नल लाल आहे.’

दुसऱ्या दिवशी आठला तुम्ही आला नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, रुसलेत, येतील. माझ्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. चहाला दोन कप पाणी ठेवायची आणि एक कप ओतून द्यायची. चार घरं चालून जायला मला अकरा दिवसांत वेळ झाला नाही, काका. बाराव्या दिवशी मंजिरीचा फोन आला, तुम्ही गेलात म्हणून.

मंजिरी मला सांगताना सारखी एकाच जागी अडकत होती. ‘बाबा इतक्या नॉर्मल चेहऱ्याने म्हणाले ना, मंजू, छातीत दुखतंय थोडं. मला वाटलं अ‍ॅसिडिटी असेल. तरी मी हॉस्पिटलच्या ईआरला नेलं. तिथे नर्सने स्केल विचारला, तर म्हणाले, नाइन. तिने दोनदा बघितलं त्यांच्याकडे. चेहऱ्यावर काहीच नव्हतं गं.’ ज्या दिवशी खरं दुखलं, त्या दिवशी तुम्ही काहीच करून दाखवलं नाहीत. मला हे कळल्यापासून सगळ्यात जास्त याचं वाईट वाटतंय. ईआरला नेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

फ्युनरल होममध्ये तुम्हाला कोट घालून झोपवलं होतं. तिथल्या माणसाने फार मन लावून काम केलं होतं. गालांना रंग, केस चापूनचोपून, आणि तोंडाचे कोपरे हलकेच वर केलेले. तुम्ही हसत होतात. छान, तृप्त, डोकं दुखायचं थांबल्यासारखे. मी आणि मंजिरी पायाशी उभ्या. त्याने आदबीने विचारलं, ‘इज धिस हाऊ ही लुक्ड?’

‘नो,’ मंजिरी म्हणाली. ‘दॅट्स द अदर गाय.’

आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून इतक्या हसलो की त्या माणसाने टिश्यूचा खोका आमच्यामध्ये ठेवला आणि हळूच दार ओढून घेतलं. हसू कधी संपलं आणि दुसरं काय सुरू झालं, ते आम्हालाही कळलं नाही.

तेरावं इथल्या रीतीप्रमाणे शनिवारी केलं, कारण मंगळवारी कुणाला सुट्टी नव्हती. तेवीस माणसं आली. त्या बँकवाल्या बाईही आल्या होत्या. पण बातमी अजून राहिली होती. माझ्या लॅपटॉपवर तुमची फाइल होती, ‘बातमी फायनल ७’. ‘कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली’ हे वाक्य तुम्ही स्वतःच खोडलं होतंत आणि शेजारी लिहिलं होतंत, ‘हे दुसऱ्यांनी म्हणायचं असतं.’ फोटोबद्दल सक्त ताकीद होती. इथल्या प्रत्येक आईवडिलांचा असतो तसा धबधब्यासमोरचा, मुलाच्या जॅकेटातला फोटो अजिबात द्यायचा नाही. जाहिरातीचाच द्यायचा. म्हणून मी अख्ख्या जाहिरातीचा स्कॅन जोडला, दोन्ही चेहऱ्यांसकट, आणि पुण्याच्या एका वर्तमानपत्राला पाठवून दिला.

‘डावीकडचे’ हा एक शब्द मी लिहिला नाही.

विसरले नाही, काका. लिहिताना मनात आलं होतं. पण वाटलं, हे काय सांगायचं? डोकं धरलेले ते सोहोनी, एवढं सगळ्यांना माहीत असतंच. ज्या बाईने गाडीत तुम्हाला तसं ऐकवलं, तिला असं वाटलं. तुमच्या प्रसिद्धीवर मी पहिल्यांदाच भरवसा टाकला आणि तोंडावर आपटले. तिकडे डेस्कवर जो कुणी होता, तो जाहिरात बंद झाल्यावर जन्मला असणार. त्याच्यासमोर दोन चेहरे, एक कण्हणारा आणि एक हसरा. श्रद्धांजलीला कण्हणारा कोण लावेल? त्याने हसरा कापून घेतला.

परवा सकाळी साडेआठला, म्हणजे तिकडे संध्याकाळी, अनोळखी नंबरवरून फोन आला.

‘वैशालीताई का? पेपरवाल्यांनी तुमचा नंबर दिला. मी तो गेलेला माणूस बोलतोय.’

माझ्या हातातला चहा टेबलावर सांडला.

‘म्हणजे फोटोतला,’ आवाज म्हणाला. ‘शरद केळशीकर, मिरजेहून.’

काय घडलं, ते त्यांनीच सांगितलं. सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर दारात गल्लीतली सहा माणसं आणि मोठा झेंडूचा हार. पुढचे गृहस्थ मान खाली घालून रडायलाच लागले होते, दार कुणी उघडलं ते त्यांनी शेवटी बघितलं. ‘मी म्हटलं, या आत, चहा घ्या. आता काय करणार? हारवाला हार परत घेईना.’

‘पण बातमीत नाव सोहोनींचं होतं ना?’ मी विचारलं.

‘नाव कोण वाचतंय, ताई? फोटो बघितला की निघाली माणसं.’

ऐकलंत काका? तुमचंच वाक्य, मिरजेहून.

मी माफी मागायला लागले. म्हटलं, उद्याच्या उद्या खुलासा छापायला लावते. तर ते म्हणाले, ‘ते मी सांगितलंय, उद्या येतोय. आणि माफी तुम्ही नका मागू. मलाच एक कबूल करायचंय.’ मग त्यांनी उठून दार लावून घेतल्याचा आवाज आला.

‘जाहिरात आली तेव्हा मी हौसेनं सगळ्यांना सांगायचो, तो नंतरचा, तो मी. लोक म्हणायचे, नंतरचा कोण? बघा ताई, हसणारा कुणाच्या लक्षातच नव्हता. सगळ्यांना ते डोकं धरलेलंच आठवायचं. विचारायचे, तुम्ही ते डोकं धरणारे ना? एकदा चुकून हो म्हटलं. मग हो-हो करत चाळीस वर्षं गेली. माझं लग्न त्याच्यावर जमलं. शाळेच्या गॅदरिंगला पाहुणा झालो. दोनदा शाल-श्रीफळ घेतलं. सगळं त्या सोहोन्यांचं होतं. माझ्या घरात जेवढा मान आलाय ना, तो त्यांच्या नावचा आहे.’

काका, मी खुर्चीत तशीच बसले होते. ऑफिसची मीटिंग केव्हाच सुरू झाली होती. तुम्हाला सातव्या रांगेत बसवलं मी, आणि तिकडे मिरजेत पहिल्या रांगेत तुम्हीच बसला होतात, दुसऱ्याच्या खांद्यावर शाल घेऊन. माणसाचं काहीच नसेल तर कुणी चाळीस वर्षं त्याचं काय चोरेल? आपलं भांडण तुम्ही जिंकलात. माझे शब्द मी मागे घेते. अकरा दिवसांत घ्यायला हवे होते.

‘एक विचारू?’ केळशीकर म्हणाले. ‘इथल्या शाळेच्या लोकांनी शनिवारी शोकसभा ठेवलीय. म्हणजे माझी ठेवली होती. हॉल सांगून झालाय, परत करता येत नाही. मी म्हटलं, सभा राहू दे, सोहोन्यांची करू. मीच बोलतो. सगळ्यांसमोर सांगतो की हे माझं नव्हतं. पण एकदा तरी ते बरोबर करून दाखवायचंय. चाळीस वर्षं मी उजवा हात लावत आलोय, जमत काही नाही. त्यांनी कुणाला शिकवलं होतं का?’

मी म्हटलं, ‘मला. पण मला येत नाही.’

‘असू दे. जेवढं येतं तेवढं दाखवा.’

आज सकाळी आम्ही व्हिडिओ कॉल केला. केळशीकर गोरे, बारीक, मिशी नाही. मागे भिंतीवर फ्रेम केलेली जाहिरात, आणि तो झेंडूचा हार एका खिळ्यावर तिरका अडकवलेला, असा की फक्त डावा अर्धा भाग हारात येईल. खुलासाही त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला. या वेळी तुम्ही आहात, डोकं धरलेले, आणि फोटो पहिल्यापेक्षा मोठा आहे. एकदा जाऊन दोनदा छापून आलात. पहिल्या पानावरच्यांनाही हे सहसा जमत नाही.

मी चष्मा काढला. डावा हात वर नेला. ‘अंगठा कानाजवळ,’ मी म्हटलं. ‘मधली दोन बोटं भुवईवर. डोळे अर्धे. आणि श्वास सोडायचा नाही, तोंडाने आत ओढायचा.’

मी आत ओढला. आणि समोर माझ्या टेबलाची ती खुर्ची होती, तुमची, जिच्या पाठीवर ते गुडघ्यापर्यंतचं जॅकेट तुम्ही शेवटचं आलात तेव्हाचं तसंच राहिलंय. ओढलेला श्वास बाहेर येईचना.

केळशीकर मोबाइलच्या अगदी जवळ येऊन बघत होते. त्यांचाही हात कपाळाकडे निघाला होता, तो मध्येच थांबला.

‘अगदी तेच,’ ते हळूच म्हणाले. ‘त्या दिवशी ते अगदी असेच दिसत होते.’

मला हात खाली घेता येत नव्हता.

‘ताई,’ केळशीकर म्हणाले, ‘घरात लवंग आहे का? असली तर एक तोंडात धरा.’

मी उठले, मसाल्याचा डबा उघडला आणि एक लवंग दाढेखाली धरली. हे लिहून होत आलं तरी ती तिथेच आहे. अजून तिखट लागते आहे.